संत्र्याच्या सालीची वस्त्रगाळ पूड: वाळवणीपासून चेहऱ्यापर्यंत, टप्प्याटप्प्यानं

फेब्रुवारी लागला की आमच्या नागपुरात, मानेवाड्याच्या बाजूला दर दुसऱ्या छतावर संत्र्याच्या साली पसरलेल्या दिसतात. एप्रिल संपता संपता त्याच घरांमधून तक्रारी यायला लागतात. "ताई, पुडीला कुबट वास येतोय." "लावलं आणि चेहरा चरचरला." "गालावर ओरखडे उठले." लावण्यात काहीतरी चुकलं असं प्रत्येकीला वाटतं. इतकी वर्षं घरी पूड करताना मला मात्र दिसलंय ते असं: दहातल्या सात वेळा चूक चेहऱ्यापर्यंत पोचण्याआधीच झालेली असते. साल निवडताना, वाळवताना किंवा बरणीत भरताना. म्हणून या लेखाचा मोठा भाग वाळवणीवर आहे, लेप त्यानंतर.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. या पुडीनं रंग गोरा होत नाही. वांग जात नाही. "सालीत क जीवनसत्त्व असतं, म्हणून चेहरा उजळतो" हे ऐकायला बरं वाटतं, पण ते जीवनसत्त्व उष्णता, उजेड आणि हवा यांनी नासतं. साल वाळून, दळून, महिनाभर बरणीत राहिल्यावर त्यातलं फारसं काही उरत नाही. पूड तीन कामं नीट करते. चेहऱ्यावरचं जास्तीचं तेल ओढून घेते, वरवरची मेलेली त्वचा हलकेच सुटी करते आणि अंघोळीला छान वास देते. एवढ्यासाठी करणार असाल तर पुढे वाचा.

टप्पा 1: कोणत्या बहाराची साल घ्यायची

आपल्याकडे संत्रा दोन वेळा येतो, कारण झाडाला वर्षात दोन बहार, म्हणजे फुलं धरण्याचे हंगाम, असतात. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. खायला दोन्ही चालतात. साल वाळवायला मात्र मृगच घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरची हवा कोरडी असते, ऊन वाढत असतं, रात्री दव पडत नाही. आंबियाच्या वेळी, त्यातही ऑक्टोबरमध्ये, हवेत पावसाळ्याची ओल उरलेली असते. साल चार-चार दिवस मऊच राहते आणि बुरशी तिथेच धरते. आंबियाचीच साल वापरायची असेल तर डिसेंबरपर्यंत थांबा आणि वाळायला दुप्पट दिवस धरा.

बाजारात उभे असाल तेव्हा फळ हातात घेऊन एवढं बघा:

- फळ फार चकचकीत दिसत असेल तर नखानं हलकेच खरवडा. नखाखाली पांढरट मेणाचा थर आला तर ते फळ खायला घ्या, सालीसाठी नको. लांब पाठवायच्या मालाला टिकावं म्हणून मेण लावतात. ते मेण वाळवणीत जात नाही, पुडीत उतरतं.
- देठापाशी बोटानं दाबा. मऊ लागलं किंवा निळसर-हिरवी भुकटी दिसली तर ते फळ टाकूनच द्या.
- तपकिरी, गंजल्यासारखे डाग म्हणजे बहुतेक वेळा लाल्या, कोळी किडीनं केलेला. असं फळ आतून चांगलं असतं, बिनधास्त खा. साल मात्र खरबरीत आणि कोरडी झालेली असते, तिची पूड काळपट होते.
- सालीवर हिरवी झाक असेल तर घाबरू नका. रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो, म्हणून आंबियाचं सुरुवातीचं फळ आतून पिकलेलं असूनही बाहेरून हिरवट राहतं. त्याचीही पूड होते, फक्त रंग फिका येतो.

नागपूरच्या कळमन्याच्या बाजारातून क्रेटभर संत्रे आणून चार घरांत वाटून घेण्याची आमच्याकडे पद्धत आहे. काटोल, नरखेड किंवा वरूडकडे कुणी ओळखीचं असेल तर त्याहून चांगलं. थेट बागेतून आलेल्या फळाला मेण नसतं, आणि शेवटची फवारणी कधी झाली हे विचारताही येतं.

टप्पा 2: धुणं, सोलण्याच्या आधी

सगळ्यांत जास्त वेळा गाळला जाणारा टप्पा हाच. "आपण तर आतलं खातो" म्हणून फळ न धुताच सोललं जातं, साली ताटात साठतात आणि मग त्याच वाळवायला जातात. महिनोन् महिने धूळ आणि फवारणी ज्या सालीनं झेलली, तीच आपण तोंडाला लावणार आहोत, हे लक्षात ठेवा.

अख्खे संत्रे दोन लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून 15 मिनिटं बुडवून ठेवा. मग मऊ ब्रशनं किंवा काथ्यानं हळू घासा आणि वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा. यानं वरवरची घाण आणि फवारणीचा बराच भाग जातो. सालीत मुरलेलं औषध मात्र कोणत्याही धुण्यानं निघत नाही. म्हणूनच पहिल्या टप्प्यावर फळ कुठून आलं हे विचारायला सांगितलं.

धुतल्यावर स्वच्छ पंच्यावर फळं पूर्ण कोरडी करा. ओल्या फळाची साल सोलली की आतल्या पांढऱ्या भागात पाणी शिरतं आणि वाळायला एक दिवस जास्त लागतो.

टप्पा 3: सोलणं आणि कापणं

आपल्या संत्र्याची साल ढिली असते, अंगठा घातला की सुटते. एकसंध निघाली तर बघायला छान दिसते, पण वाळवायला ती सगळ्यांत वाईट. ती वाटीसारखी वळते, वरून कडक होते आणि आतल्या घडीत ओल राहते. सालीचे बोटभर रुंद पट्टे करा, कात्रीनं कापले तरी चालेल. सगळे साधारण सारख्या मापाचे हवेत, म्हणजे एकत्रच वाळतील.

आतल्या बाजूला चिकटलेल्या पांढऱ्या शिरा ओढून काढा. पांढरा पापुद्रा खरवडून टाकायची गरज नाही. तो पुडीला मऊपणा देतो, पाणी धरतो, लेप सुटत नाही. फक्त फार जाड असेल तिथे चमच्यानं थोडा कमी करा, कारण ओल तिथेच दडून बसते.

सोलताना साल डोळ्यापासून लांब ठेवा. दाबली की त्यातून जे बारीक तुषार उडतात ते पाणी नसतं, तेल असतं. लहानपणी दिव्याजवळ साल पिळून चुरचुर ठिणग्या उडवल्या असतील तर ते तेलच पेटत होतं हे आठवेल. त्यातला मुख्य घटक म्हणजे लिमोनीन. सालीच्या वासात मोठा वाटा त्याचा आणि पुढे चेहरा चरचरतो त्यातही बराचसा हात त्याचाच. याबद्दल पुढे बरणीच्या टप्प्यात सांगते.

टप्पा 4: वाळवणं

इथे घाई केली की सगळं फुकट जातं.

छतावर भर उन्हात, वर्तमानपत्रावर साली पसरणं ही नेहमीची पद्धत. त्यात दोन चुका आहेत. पहिली, वर्तमानपत्राची शाई ओल्या सालीला लागते. दुसरी, कडक उन्हात साल दुपारपर्यंत वरून टणक होते आणि आतला पांढरा भाग ओला राहतो. हाताला वाटतं वाळली, आपण भरून ठेवतो, आणि पंधरा दिवसांनी बरणी उघडली की कुबट वास येतो.

माझी पद्धत अशी:

पहिला दिवस सावलीचा. घरात पंख्याखाली किंवा व्हरांड्यात वाऱ्याला, जुन्या धुतलेल्या सुती साडीवर साली पसरा. पांढरी बाजू वर. एकावर एक येऊ देऊ नका. संध्याकाळपर्यंत साल लवचिक राहते, पण हाताला ओली लागत नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस सकाळच्या उन्हाचा. सात-साडेसातला बाहेर, अकराच्या आत घरात. वर मलमलचं पातळ कापड टाका आणि कडांना वजन ठेवा. आमच्या बाजूला कायम कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं. कापड नसेल तर सिमेंटची धूळ साल वाळायच्या आधीच तिच्यावर बसते. दुपारी साली उलट्या करून घरातच पंख्याखाली ठेवा.

चौथा दिवस पुन्हा सावलीचा. मार्चच्या मध्यावर एवढ्यात काम होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एखाद-दोन दिवस जास्त धरा.

रोज संध्याकाळी साली घरात घ्यायच्याच. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी पावसाची, कधी गारांचीही एखादी सर येते. एकदा भिजलेली साल पुन्हा वाळवून वापरू नका, कुंडीत टाका.

तपासणी: सगळ्यांत जाड तुकडा निवडा आणि मोडा. टक्क आवाज होऊन सरळ मोडला तर वाळला. वाकला, किंवा मोडताना तंतू ओढले गेले, तर अजून एक दिवस. दुसरी खूण वजनाची. ताज्या सालीत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे नीट वाळल्यावर वजन चौथ्या हिश्श्याच्या आसपास उतरतं. स्वयंपाकघरात काटा असेल तर ओल्या सालीचं वजन लिहून ठेवा. अंदाज बांधण्यापेक्षा ते बरं.

कुठल्याही तुकड्यावर पांढरा, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर तो एक तुकडा बाजूला काढून भागत नाही. त्याला लागून असलेला सगळा ढीग टाका. बुरशी दिसते तेवढीच नसते, आणि दळल्यावर ती पुडीभर पसरते. मी एका वर्षी दोन डझन संत्र्यांच्या साली अर्धवट वाळलेल्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. उघडल्यावर वरच्या चार काढून बाकीच्या दळल्या, कारण इतकी मेहनत टाकवेना. ती पूड लावल्यावर हनुवटीवर आठ दिवस पुरळ होतं. तेव्हापासून संशय आला की सगळं टाकते.

मायक्रोवेव्हमध्ये वाळवू का, असं बरेच जण विचारतात. नको. साल कुठे जळते, कुठे ओली राहते, आणि तेल असल्यामुळे पेटूही शकते.

टप्पा 5: दळणं आणि वस्त्रगाळ करणं

वाळलेल्या साली आधी हातानं चुरा. मिक्सरचं छोटं भांडं घ्या, पूर्ण कोरडं. कालच्या चटणीचा वास किंवा तिखटाचा कण राहिला तर तो चेहऱ्यावर कळतो, म्हणून या कामाला वेगळं भांडं असेल तर उत्तम. मिक्सर सलग चालवू नका. दहा सेकंद चालवा, थांबा, भांड्याला हात लावून बघा. कोमट लागलं तर झाकण उघडून गार होऊ द्या. गरम पुडीतून तेल सुटतं आणि तिच्या गाठी होतात.

मग चाळणं. पहिल्यांदा मैद्याच्या चाळणीतून, नंतर मलमलच्या दुहेरी कापडातून. वाटीच्या तोंडावर कापड ताणून बांधा, वर पूड ठेवा आणि चमच्याच्या पाठीनं फिरवत राहा. कंटाळवाणं काम आहे, पाऊण तास जातो. पण गालावर ओरखडे उठल्याच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी हा पाऊण तास वाचवल्यामुळे असतात. सालीचा कण टोकदार असतो. डोळ्याला पूड बारीक दिसते, त्वचेला ती वाळूसारखी लागते.

तपासणी: चिमूटभर पूड ओठांच्या वर, नाकाखाली बोटानं हलकेच फिरवा. तिथली त्वचा नाजूक असते. पिठासारखी लागली तर चेहऱ्याला चालेल. कण जाणवले तर पुन्हा चाळा.

कापडावर जो भरडा उरतो तो टाकू नका. टाचा आणि कोपरं घासायला तो चांगला आहे. शिकेकाईतही जातो, ते पुढे येईल. चेहऱ्याला मात्र कधीच नाही.

टप्पा 6: बरणी

काचेची, घट्ट झाकणाची, छोटी बरणी घ्या. मोठ्या बरणीत अर्धी जागा रिकामी राहते, म्हणजे अर्धी बरणी हवाच. आणि इथे हवाच शत्रू आहे. लिमोनीनचा हवेशी संबंध आला की ते हळूहळू बदलतं आणि त्यातून होणारे पदार्थ त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. ताज्या पुडीनं काहीच न झालेल्या बाईला सहा महिन्यांनी त्याच बरणीतल्या पुडीनं खाज सुटते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. "वर्षभराची एकदाच करून ठेवते" ही सवय पापडाला ठीक आहे, सालीच्या पुडीला नाही.

थोडी करा, दोन-तीन महिन्यांत संपवा. डझनभर संत्र्यांतून साधारण वाटीभर वस्त्रगाळ पूड निघते आणि आठवड्यातून एकदा लावणाऱ्या घराला ती पुरते. जास्त साली असतील तर त्या वाळलेल्या तुकड्यांच्या रूपातच ठेवा आणि लागतील तशा दळा. तुकडा पुडीपेक्षा जास्त टिकतो, कारण त्याचा थोडाच भाग हवेला लागतो.

बरणीवर तारीख लिहा. कपाटात अंधारात ठेवा. न्हाणीघरात ठेवू नका, वाफ शिरते. चमचा कोरडा हवा.

तपासणी: झाकण उघडल्यावर संत्र्याचा वास यायला हवा. रंगाच्या डब्यासारखा उग्र, आंबट-कुबट किंवा मातीसारखा वास आला, किंवा पुडीचा खडा झाला, तर ती टाका.

टप्पा 7: आधी हातावर

चिमूटभर पूड पाण्यात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा, दहा मिनिटांनी धुवा. असं सलग तीन दिवस, त्याच जागी. आणि शेवटच्या वेळेनंतर दोन दिवस थांबा. ॲलर्जी लगेच दिसतेच असं नाही, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. लाली, खाज, बारीक पुरळ यातलं काही झालं तर ही पूड तुमच्यासाठी नाही. कशातही मिसळली तरी नाही.

पुढच्या लोकांनी चाचणीसुद्धा करू नये: ज्यांच्या चेहऱ्यावर उघडे, पू असलेले मुरुम आहेत, ज्यांना इसब आहे, जे डॉक्टरांनी दिलेलं रेटिनॉइडचं (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) किंवा त्वचेचा वरचा थर काढणारं मलम लावताहेत. लहान मुलांना लावू नका. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा दाढी केली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही नको.

टप्पा 8: लेप

लेप लावायची वेळ संध्याकाळची. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि रसात असे काही घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे येतात आणि नंतर महिनोन् महिने काळे डाग राहतात. लिंबात ते बरेच, आपल्या संत्र्यात कमी. पण मार्च-एप्रिलचं नागपूरचं ऊन बघता धोका घ्यायचं कारण नाही.

एका वेळेला, एका चेहऱ्यासाठी:

तेलकट त्वचेला एक छोटा चमचा पूड, दोन चमचे मुलतानी माती आणि लागेल तेवढं साधं पाणी किंवा गुलाबपाणी. कोरड्या त्वचेला अर्धा चमचा पूड, दोन चमचे बारीक बेसन आणि दूध. फार कोरडी असेल तर दुधाऐवजी साय. मिश्र त्वचेला बेसनाचाच लेप, फक्त नाक-कपाळावर दोन मिनिटं जास्त ठेवायचा. पुडीचं प्रमाण कोणत्याही मिश्रणात तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. "जास्त घातली तर जास्त फायदा" असं इथे होत नाही, जास्त घातली तर चरचरते.

हळद घालायची तर चिमूटभरच, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसात पिवळा चेहरा घेऊन जावं लागतं.

लिंबू पिळू नका. हे ठळक अक्षरांत छापावं इतकं महत्त्वाचं आहे. आपल्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण 4.5 ते 5.5, लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5. आकडे जवळचे वाटतात, पण या मापात एक आकडा खाली आला की आम्लता दहापट होते. खाण्याचा सोडाही नको, तो उलट्या टोकाला नेतो. माझ्या भाचीनं हळदीच्या आदल्या दिवशी ताजी साल मिक्सरमधून काढली, त्यात अख्खं लिंबू पिळलं आणि वाळेपर्यंत ठेवलं. सकाळी दोन्ही गालांवर लाल चट्टे होते, हळद लावताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाच्या फोटोंत मेकअपचा थर आहे, त्याखाली ते चट्टे आहेत. लग्न, साखरपुडा असं काही असेल तर नवीन लेप किमान तीन आठवडे आधी करून बघा. आदल्या दिवशी कधीच नाही.

लावायचा क्रम:

1. चेहरा साध्या पाण्यानं धुऊन टिपून घ्या. किंचित ओला असू द्या.
2. डोळ्यांभोवती दोन बोटं जागा आणि ओठ सोडून पातळ थर लावा.
3. घड्याळ लावा. पहिल्यांदा पाच मिनिटं, सवय झाल्यावर आठ ते दहा. त्यापुढे नको.
4. लेप पूर्ण वाळू देऊ नका. कडा फिक्या पडायला लागल्या की धुवायची वेळ झाली. तडे जाईपर्यंत ठेवला तर तो त्वचेतली ओल ओढतो आणि काढताना घासावं लागतं.
5. आधी हात ओले करून लेप भिजवा, मग भरपूर पाण्यानं सोडवा. चोळून काढू नका. उटण्यासारखं रगडायची सवय अंगाला ठीक, गालाला नाही.
6. टिपून लगेच तुमचं नेहमीचं मॉइश्चरायझर किंवा दोन थेंब खोबरेल तेल.
7. दुसऱ्या दिवशी बाहेर जाताना एसपीएफ 30 किंवा त्याच्या वरचं सनस्क्रीन, आणि डोक्याला दुपट्टा.

आठवड्यातून एकदा पुरे. उन्हाळ्यात तेलकट त्वचेला दोनदा चालेल.

थोडी गार झिणझिण झाली तर ठीक. आग होत असेल तर मिनिट पूर्ण व्हायची वाट बघू नका, लगेच धुवा. भरपूर गार पाण्यानं धुवा, बर्फ चोळू नका, दुसरं काहीही "शांत करायला" म्हणून लावू नका, फक्त साधं पेट्रोलियम जेली. फोड आले, डोळे किंवा ओठ सुजले, किंवा लाली दोन दिवसांत उतरली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. वांगासाठीही त्यांच्याकडेच जा. सालीनं घासून घासून वांग गडद केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

टप्पा 9: केसांसाठी, थोडक्यात

घरच्या शिकेकाईत वाळलेली साल पूर्वीपासून घालतातच. पाव किलो शिकेकाईला मूठभर साल, सोबत रिठा, आवळकाठी, नागरमोथा. गिरणीतून दळून आणा. साल वासासाठी आहे, त्यानं केस वाढत नाहीत आणि कोंड्याचं औषधही होत नाही. धुताना डोळे घट्ट मिटा आणि नंतर टाळूत भरडा राहिलेला नाही ना, हे बोटांनी तपासा.

टप्पा 10: आणि तो संत्रा खायचा कसा

साल इतकी जपायची आणि आतलं फळ रस काढून साखर घालून प्यायचं, असं बऱ्याच घरांत होतं. त्वचेला क जीवनसत्त्व हवं असेल तर ते तोंडावाटेच द्या, त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन हे प्रथिन बनायला शरीराला ते लागतं. प्रौढ बाईला दिवसाला 65 मिलिग्रॅम आणि पुरुषाला 80 मिलिग्रॅम पुरतं असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशी सांगतात. संत्र्याच्या 100 ग्रॅम गरात साधारण 25 ते 30 मिलिग्रॅम असतं. म्हणजे मध्यम आकाराचे दोन-तीन संत्रे. त्यावर गोळ्या घ्यायची गरज नाही.

अख्खी फोड पापुद्र्यासकट खा. रस काढला की चोथा जातो आणि एका ग्लासात चार फळांची साखर एकदम येते. मधुमेह असेल तर रस नकोच, फळ एक, तेही जेवणाच्या हिशेबात धरून.

खायची वेळ महत्त्वाची आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पोहे, हरभरा, पालेभाजी यांतलं लोह शरीरात नीट शिरायला क जीवनसत्त्वाची मदत होते. चहा नेमकं उलटं करतो. आपला नाश्ता म्हणजे तर्री-पोहे, त्यात हरभऱ्याचा रस्सा, आणि लगेच वरून चहा. चहा तासभर पुढे ढकला आणि पोह्यांबरोबर संत्रा सोला. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे अशा मुलींना आणि बाळंतिणींना मी हे आवर्जून सांगते. मात्र डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी यामुळे बंद करायची नाही.

सर्दी झाल्यावर संत्रे खाल्ले म्हणून सर्दी जात नाही. क जीवनसत्त्व रोज नियमित पोटात जात असेल तर ती कदाचित थोडी लवकर आवरते, एवढंच. आणि संत्र्यानं सर्दी होते हेही खरं नाही. ती होते विषाणूनं.

खाल्ल्यावर लगेच दात घासू नका. आम्लानं दातांचं वरचं कवच तात्पुरतं मऊ पडलेलं असतं. चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. आम्लपित्त असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी खाऊ नये. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट आणि पपनस चालत नाहीत. आपला नेहमीचा संत्रा त्यांत मोडत नाही, त्यामुळे ती भीती बाळगून आई-वडिलांचा संत्रा बंद करू नका.

खाऊन झाल्यावर साल लगेच बाजूच्या ताटात, सुटी सुटी ठेवा. कॅरीबॅगमध्ये गोळा केलेली साल दोन तासांत घामेजते, मग ती वाळवायच्या कामाची राहत नाही.